स्टे आणा आणि निवांत झोपा

शेजाऱ्याचा जेसीबी बांधावर आला की आधी स्वतःला सावरा. घाई करायची नाही. फक्की पडू द्या, पाया खणू द्या, कॉलमच्या सळ्या उभ्या राहू द्या. रोज संध्याकाळी जाऊन बघा, हात मागे बांधून उभे राहा, शेजाऱ्याने चहा देऊ केला तर तोही घ्या. गावातली चार माणसे ‘बसून मिटवू’ म्हणतील. त्यांच्याबरोबर तीन-चार बैठका जरूर करा, फक्त बैठकीत काय ठरले त्याचा कागद करू नका. स्लॅब पडला, वर पाण्याची आळी बांधून झाली, की तडक तालुक्याच्या कोर्टात जा आणि वकिलाला सांगा, “साहेब, काम थांबवायचंय. अर्जंट आहे.”

या धीराला कायद्याचा भक्कम आधार आहे. दिवाणी कोर्ट माणसाला दोन तऱ्हेचे हुकूम करते. एक ‘हे करू नकोस’, म्हणजे मनाई, गावात जिला स्टे म्हणतात ती, आणि दुसरा ‘हे कर’. पहिल्याची सोय 1963 च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमात कलम 38 मध्ये आहे, दुसऱ्याची कलम 39 मध्ये. पायाच्या वेळी गेलात तर ‘बांधू नकोस’ एवढेच मागायचे असते आणि ते देताना कोर्टाचा हात फारसा थरथरत नाही. स्लॅबनंतर मात्र ‘पाड’ म्हणावे लागते. दाव्याचा निकाल लागण्याआधीच ‘पाड’ म्हणायला कोर्ट सहजी तयार नसते. मुंबईतल्या एका घराच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 1990 सालीच सांगून ठेवले आहे, की असा अंतरिम आदेश हवा असेल तर वादीची बाजू नुसती प्रथमदर्शनी बरी असून चालत नाही, ती त्याहून बरीच वरच्या दर्जाची लागते. आणि हेतू हवा तो वाद सुरू होण्याआधीची शेवटची निर्विवाद स्थिती परत आणण्याचा. म्हणजे पंधरा दिवस थांबलात, तर सोपा पेपर सोडून अवघड पेपर आपण होऊन निवडता. शिवाय कलम 41 मध्ये एक सुंदर तरतूद आहे. चालू असलेल्या आगळिकीला वादीने मूकसंमती दिली असेल तर मनाई मिळत नाही. तो चहा तुम्ही उगाच प्यायला नव्हता.

आता कोर्ट कोणते, हा प्रश्न मनात आणूच नका. जवळ असेल ते कोर्ट आपले. शेताची वाट अडवली असेल तर 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याने तहसीलदाराकडे जाता येते, अडथळा काढायचा आणि पुन्हा अडवायचे नाही असे दोन्ही आदेश तो देऊ शकतो. पण त्यासाठी सहा महिन्यांच्या आत जावे लागते, म्हणून सातव्या महिन्यात चौकशी करा. हाउसिंग सोसायटीच्या कमिटीशी गच्चीवरून किंवा पार्किंगवरून भांडण असेल तर ते सहसा सहकार न्यायालयाचे काम, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 91 खाली. तरीही दिवाणीतच टाका. दीड वर्षाने ‘या न्यायालयास अधिकारक्षेत्र नाही’ असा शेरा मिळाला की फाइल उचलून दुसरीकडे नेता येते, तेवढाच हवापालट. सरकारविरुद्ध दावा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस आड येते. तातडी असेल तर नोटिशीशिवाय दावा लावायची परवानगी कोर्ट देते, पण सरकारचे म्हणणे ऐकल्याशिवाय मनाई देत नाही. महाराष्ट्रात तर लोक चुकीच्या कोर्टातून मनाई आणून तिच्यावरच दिवस काढायचे. त्याचा सरकारने इतका धसका घेतला होता की दिवाणी प्रक्रिया संहितेत खास कलम 9 अ घातले: अधिकारक्षेत्राची हरकत आली तर तिचा निवाडा आधी, मनाईचा नंतर. मग त्या पहिल्या पायरीवरच दावे वर्षानुवर्षे बसून राहू लागले, तेव्हा 2018 साली ते कलम काढून टाकले.

दाव्याचा मजकूर हा तुमच्या निवांत झोपेचा खरा पाया आहे. मिळकतीचे वर्णन जितके मोघम, तितके उत्तम. गट नंबर लिहा, एकूण क्षेत्र लिहा, चतुःसीमेत ‘पूर्वेस प्रतिवादीची जमीन’ असे टाका आणि सोडून द्या. भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी, हद्दीच्या खुणा, मोजणीची ‘क’ प्रत असल्या भानगडीत पडू नका. मोजणी करून घेतली तर शेजाऱ्याची भिंत नेमकी किती फूट आत आली ते नकाशावर दिसते, आणि मग कोर्टाला ‘प्रतिवादीने नकाशात अबकड या अक्षरांनी दाखवलेल्या जागेत बांधकाम करू नये’ असा हुकूम करावा लागतो. अशा हुकुमातून पळवाट काढणे कठीण. त्यापेक्षा ‘प्रतिवादीने वादीच्या मिळकतीत अतिक्रमण करू नये’ असा हुकूम घ्या. शेजारी तो आदराने वाचेल, डोक्याला लावेल, आणि दुसऱ्या दिवशी वीट चढवताना सांगेल, “मी कुठे त्यांच्यात बांधतोय? हे माझ्याच गटात आहे.” एकाच भिंतीने हुकूम पाळलाही जातो आणि मोडलाही जातो, कारण मुळात हद्दच कोणी ठरवलेली नाही.

प्रतिवादी म्हणून फक्त ज्याच्याशी बोलाचाली झाली त्यालाच करा. बांधकाम त्याच्या भावाच्या नावावर असेल, ठेका मेहुण्याकडे असेल, सातबारावर आईचे नाव असेल, तरी त्यांना कशाला दुखवायचे? हुकुमात ‘प्रतिवादी स्वतः अगर त्यांचे वतीने नोकर, मुखत्यार, ठेकेदार वा अन्य कोणीही’ हे शब्द येतात ते उगाच नसतात; पण अर्जाच्या विनंतीत ते मागायचे राहिले तर कोर्टही कदाचित नुसते ‘प्रतिवादी’ लिहून मोकळे होईल. मग प्रतिवादी खुर्ची टाकून बसेल आणि भाऊ काम पुरे करील.

मालकीबद्दल शेजाऱ्याने आधीच नोटिशीत हरकत घेतली असेल तरी मालकी जाहीर करून मागू नका, नुसती मनाई मागा. मालकीवरच ढग असेल तर नुसत्या मनाईचा दावा पुरत नाही, मालकी जाहीर करून मागावी लागते, आणि ताबा गेला असेल तर ताबाही; सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली हे इयत्तावार समजावून सांगितले आहे. ते वाचून दाखवायची संधी तुमच्या शेजाऱ्याच्या वकिलाला मिळायला हवी.

मनाईच्या अर्जाला आपल्याकडे निशाणी 5 म्हणतात. ‘नि. 5 वर काय झालं?’ हा प्रश्न कोर्टाच्या आवारात दिवसातून किती वेळा विचारला जातो याची गणती नाही. या अर्जासाठी कोर्ट तीन गोष्टी बघते: प्रथमदर्शनी हक्क आहे का, हुकूम दिल्याने आणि न दिल्याने कोणाची गैरसोय जास्त, आणि न दिल्यास भरून न येणारे नुकसान होईल का. यातल्या तिसऱ्या गोष्टीवर तुमची कलाकुसर दाखवा. प्रतिज्ञापत्रात लिहा, ‘सदर बांधकामामुळे वादीचे रक्कम रुपये 2,35,000 इतके नुकसान होत आहे.’ आकडा नेमका दिला की अर्ज कसा वजनदार वाटतो. कोर्टालाही बरे, कारण जे नुकसान रुपयांत मोजता येते ते रुपयांत भरूनही देता येते, मग काम थांबवायची गरजच काय? वाट बंद होणे, विहिरीचे पाणी अडणे, घरातला उजेड जाणे असल्या पैशात न मावणाऱ्या गोष्टी अर्जात घातल्या तर अर्ज मंजूर होण्याचा धोका वाढतो.

काही गोष्टी झाकून ठेवा. याच मिळकतीवरचा वडिलांच्या काळातला दावा, त्यात झालेली तडजोड, भावाभावांतली वाटणी, मागच्या वर्षी दुसऱ्या कोर्टाने फेटाळलेला तसाच अर्ज. पहिल्या दिवशी प्रतिवादी हजर नसतो, ऐकायला तुम्ही एकटेच, त्यामुळे एकतर्फी हुकूम मिळून जाईल. मग तो हजर होऊन जुन्या निकालाची नक्कल पुढे करील आणि जाणूनबुजून खोटे वा दिशाभूल करणारे निवेदन केले म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 39 नियम 4 खाली हुकूम उठेल. हातचा हुकूम जाण्यापुरते हे थांबत नाही. यापुढे त्या कोर्टात तुमच्या प्रत्येक वाक्याकडे भुवया उंचावून पाहिले जाईल. शिवाय अपुऱ्या कारणांवर मनाई मिळवली असे ठरले तर कलम 95 खाली प्रतिवादीला 50,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते.

मूळ नियम असा, की मनाई देण्याआधी समोरच्याला नोटीस जावी. उशिराने हेतूच फसणार असेल तरच ती टाळायची आणि का टाळली याची कारणे लिहायची. या सवलतीला एक शेपूट आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्र, दाव्याची प्रत आणि कागदपत्रे प्रतिवादीला ताबडतोब द्यायची किंवा रजिस्टर पोस्टाने धाडायची, आणि तसे केल्याचे प्रतिज्ञापत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कोर्टात द्यायचे. हे अजिबात करू नका. हुकूम मिळाला त्या संध्याकाळी पेढे वाटायचे असतात, पोस्टात कोण जाते? कायदा पुढे असेही म्हणतो, की असा एकतर्फी हुकूम दिल्यापासून अर्ज तीस दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न कोर्टाने करावा. यातला ‘प्रयत्न’ हा शब्द सर्वांनी मनापासून पाळलेला आहे.

शेजारी तुमच्यापेक्षा हुशार निघाला तर त्याने आधीच कॅव्हेट टाकलेले असते. ते टाकल्यापासून 90 दिवस टिकते आणि त्या काळात त्याला कळवल्याशिवाय तुमच्या अर्जावर हुकूम होत नाही. वकिलाला कॅव्हेट रजिस्टर बघायला सांगू नका. तारखेला शेजारी स्वतःच्या वकिलासह बाकावर बसलेला दिसेल, त्यातली गंमत रजिस्टर आधी बघून ठेवल्याने निघून जाते.

अगदीच काही मिळाले नाही तरी ‘जैसे थे’ मिळण्याची शक्यता असते. यासारखा सर्वांना सुखी करणारा हुकूम दुसरा नाही. त्या दिवशी नेमके काय होते, हे मात्र रोजनाम्यावर, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, येऊ देऊ नका. भिंत किती उंच होती, ताबा कोणाचा, फाटकाला कुलूप कोणाचे, काही नको. फोटो नको, कोर्ट कमिशनर नको. ऑर्डर 26 नियम 9 खाली कमिशनर नेमून घेतला असता तर त्याने जागेवर येऊन, दोन्ही बाजूंच्या समक्ष, टेपने मोजून लिहिले असते: भिंत जोत्यापासून चार फूट दोन इंच, वीटकाम ओले, पश्चिमेकडे सिमेंटच्या अकरा गोण्या. मग आठवड्याने भिंत सात फुटांवर गेली की काही बोलायलाच जागा उरली नसती. मोजमाप नसेल तर तुम्ही म्हणता चार होती, तो म्हणतो सातच होती, आणि दोघेही ‘जैसे थे’चे निष्ठावान पाईक. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये यावर नाराजी दाखवली होती, की स्थिती कोणती हे न सांगता ती कायम ठेवा असे म्हणण्यात अर्थ नाही. ते दिल्लीत राहतात, त्यांना बांध कुठे माहीत?

हुकूम झाला की अर्धे गाव म्हणते, ‘स्टे आणला!’ नकलेची रंगीत झेरॉक्स काढा, फोटो गटावर टाका. बजावणीकडे लक्ष देऊ नका. कोर्टाच्या नाझराकडे भत्ता भरायचा, हुकूम बजावणाऱ्या बेलीफाची तारीख घ्यायची, त्याच्याबरोबर पत्ता दाखवायला माणूस द्यायचा, ही कटकट वकिलाच्या क्लार्कवर सोडा, आणि क्लार्कला पैसे द्यायचे विसरा. बेलीफ एकटाच आला तर दारातल्या म्हातारीशी त्याचा ठरलेला संवाद होतो: “आहेत का?” “नाहीत, बाहेरगावी गेलेत.” “कधी येतील?” “काय सांगता येत नाही.” बेलीफ शेरा मारतो आणि निघून जातो. तुमचा माणूस बरोबर असता तर त्याने दोन पंच गोळा करून कागद दाराला चिकटवून घेतला असता, आणि ‘मला हुकूम माहीतच नव्हता’ ही शेजाऱ्याची ढाल तिथेच गळून पडली असती. अवमानाच्या अर्जात पहिला प्रश्न नेहमी हाच असतो, की त्याला कळले कधी.

त्याहून एक नाजूक जागा सांगतो, ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पहिला हुकूम बहुतेकदा ‘पुढील तारखेपर्यंत’ असतो. पुढील तारखेला साहेब रजेवर, किंवा वकिलांचे काम बंद, किंवा त्या दिवशीच्या यादीत आपला नंबरच आला नाही. शिरस्तेदार नवी तारीख देतो. हुकूम पुढे चालू ठेवावा असा चार ओळींचा अर्ज कोणीतरी द्यायचा असतो. तो देऊ नका. रोजनाम्यात ‘अंतरिम आदेश कायम’ हे शब्द नाहीत, म्हणजे त्या रात्री शेजाऱ्याकडे काँक्रीटचा मिक्सर येतो. शुक्रवारी संध्याकाळी, दुसऱ्या-चौथ्या शनिवारच्या आदल्या दिवशी किंवा दिवाळीच्या सुट्टीत येतो. त्याच्याकडे कोर्टाचे कॅलेंडर असते. तुमच्याकडेही असते, पण तुम्ही त्यावर चतुर्थी बघता.

येथे चावडीवरच्या एका पंडिताचा उल्लेख हवा. तो सांगतो, “स्टे सहा महिन्यांत आपोआप उठतो.” असा एक निकाल 2018 साली झाला होता खरा, पण तो उच्च न्यायालयांनी खालच्या कोर्टाचे काम थांबवल्याबद्दल होता, बांधावरच्या मनाईबद्दल नव्हता, आणि तोही 29 फेब्रुवारी 2024 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मोडीत काढला. पंडिताला हे सांगू नका. तो प्रतिवादीला सल्ला देत असेल तर मुळीच नाही.

हुकूम मोडला की पोलीस ठाण्यात धाव घ्या आणि तिथेच थांबा. ठाणे अंमलदार कागद उलटसुलट बघून म्हणेल, “हे दिवाणी आहे, कोर्टात जा.” अदखलपात्राची नोंद घेऊन घरी या, नोंदीचा कागद लॅमिनेट करा. खरा इलाज ऑर्डर 39 नियम 2 अ मध्ये आहे: हुकूम मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त करता येते आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगात धाडता येते. पोलीस बंदोबस्ताचा हुकूमही त्याच दिवाणी कोर्टाकडून मागून आणता येतो. पण 2 अ च्या अर्जात पुरावा फौजदारीच्या तोडीचा लागतो. कोणी, कुठल्या तारखेला, काय केले, ते कोणी पाहिले. तुम्ही लिहायचे, ‘प्रतिवादी वारंवार हुकुमाचा भंग करीत आहे.’ वारंवार म्हणजे कधी, या प्रश्नावर उलटतपास दहा मिनिटांत संपतो आणि सगळे जेवायला मोकळे होतात.

प्रतिवादी वाचक असतील तर त्यांनाही उपाशी ठेवत नाही. तुमची खात्री असेल की हुकूम बेकायदा आहे, त्या कोर्टाला अधिकारच नव्हता, तर अपील वगैरे करू नका. ते ऑर्डर 43 खाली तीस दिवसांत जिल्हा न्यायालयात करता येते, पण त्यात कष्ट आहेत. सरळ हुकूम मोडा. मुंबईत एका प्रकरणात असेच झाले. शहर दिवाणी न्यायालयाला त्या वादात अधिकार नव्हता असे पुढे ठरले आणि हुकूम मोडणाऱ्यांना वाटले, सुटलो. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हुकूम उठेपर्यंत तो हुकूमच असतो आणि तेवढ्या काळात तो मोडल्याची शिक्षा भोगावी लागते. तरीही प्रयत्न करून बघायला हरकत नाही, वकिलांनाही घरे चालवायची असतात.

‘हे कर’ या जातीच्या हुकुमांबद्दल लोकांच्या अपेक्षा फार मोठ्या असतात. सोडून गेलेल्या माणसाला कोर्टाने परत कामावर आणावे, असे मालकांना वाटते. कोर्ट ते करत नाही. माणसाच्या अंगच्या गुणांवर चालणारे काम कान धरून करून घेता येत नाही. कल्याणच्या रेयॉन कारखान्यातला एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांचा करार मोडून राजस्थानात कोट्याच्या स्पर्धक कंपनीत गेला, तेव्हाही ‘कल्याणला ये’ असे कोणी म्हटले नाही. ‘कराराची मुदत संपेपर्यंत तिकडे तेच काम करू नकोस’ एवढेच म्हटले, आणि 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. भिंतीचे तसे नाही, भिंत कोणीही पाडू शकतो. हुकूमनामा, म्हणजे दाव्याचा अंतिम हुकूम, होऊनही शेजाऱ्याने पाडली नाही तर ऑर्डर 21 नियम 32 खाली दुसऱ्याकडून पाडून घेऊन खर्च शेजाऱ्याकडून वसूल करायची सोय आहे. ती वाचूच नका. भिंत पाडायला तोच येईल, स्वतःच्या हाताने, शरमेने मान खाली घालून, अशी वाट बघत बसा. फक्त मुदत लक्षात ठेवा, म्हणजे नेमकी चुकवता येईल: ‘पाड’ या हुकूमनाम्याची दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, तीन वर्षांत लावावी लागते. ‘पुन्हा कधी बांधू नकोस’ या निरंतर मनाईच्या दरखास्तीला मुदतच नाही, नातवालाही लावता येते, त्यामुळे ती चुकवायची कशी हे अजून कोणाला सुचलेले नाही.

एवढे करूनही तुम्ही दरखास्त लावलीत, शेजाऱ्याने संधी असून मुद्दाम पाळले नाही हे सिद्ध केलेत आणि त्याला दिवाणी तुरुंगात पाठवायची वेळ आणलीत, तर पाकीट जवळ ठेवा. त्याच्या निर्वाहाचा भत्ता तुम्हालाच भरायचा आहे. किती ते कोर्ट ठरवते. अटकेआधी रक्कम जमा करायची आणि पुढे दर महिन्याची पहिली तारीख उजाडण्याच्या आत, आगाऊ. एक हप्ता चुकला की तो सुटतो. तेव्हा महिनाअखेरीला आठवण करून देणारे कोणी जवळ ठेवू नका.